चेंडू सुटण्याआधीचा रिसीव्हर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारे दोन मराठी मित्र दरवर्षी एप्रिलमध्ये, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) तोंडावर, एकाच वादात अडकतात. एकाचे म्हणणे असे की महाविद्यालयीन रिसीव्हरची (पास झेलणाऱ्या खेळाडूची) पारख सामन्यांची फिल्म पाहूनच होते. दुसऱ्याचे म्हणणे असे की डोळे फसवतात, म्हणून खेळाडूचे वय, संघाने पासवर मिळवलेल्या यार्डांमधला त्याचा वाटा आणि कंबाइनमधल्या (ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांमधल्या) वेळा यांवरच विसंबावे. दोघांनी मिळून विचारले आहे की बरोबर कोण. मी बारा वर्षांहून अधिक काळ रिसीव्हरांचे मूल्यमापन अहवाल लिहीत आलो आहे आणि या दोन्ही बाजूंनी तोंडघशी पडलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

रिसीव्हरच्या कामाचा मोठा भाग चेंडू क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्या खेळाडूच्या) हातून सुटण्याआधीच उरकलेला असतो. स्नॅप होताच, म्हणजे खेळ सुरू होताच, समोरच्या कॉर्नरबॅकच्या (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूच्या) हातांतून निसटणे, आपण कुठे वळणार याचा त्याला चुकीचा अंदाज बांधायला लावणे, पूर्ण वेगात असताना दोन-तीन पावलांत थांबून दिशा बदलणे आणि हे सारे क्वार्टरबॅकच्या पावलांच्या तालाशी जुळवून घेणे, हे ते काम. झेल हा त्याचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत सोपा टप्पा. अडचण अशी की नोंद होते ती फक्त या शेवटच्या टप्प्याची. म्हणून कोणताही आकडा समोर आला की मी आधी त्याची वाटणी करतो: यातले खेळाडूचे स्वतःचे किती, क्वार्टरबॅकचे किती, प्रशिक्षकाच्या आखणीचे किती आणि समोरच्या दुबळ्या बचावाचे किती. रणजीतल्या धावा मोजताना आपण खेळपट्टी कोणती होती ते विचारतोच, तसेच हे आहे.

टेनेसी विद्यापीठाच्या जेलिन हायटचे उदाहरण घ्या. २०२२ च्या हंगामात त्याने ६७ झेल, १,२६७ यार्ड आणि १५ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) केले, देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरला मिळणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार जिंकला आणि अलाबामाविरुद्धच्या ५२-४९ अशा गाजलेल्या सामन्यात एकट्याने पाच टचडाउन केले. एवढे असूनही तो ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत, ७३ व्या क्रमांकापर्यंत उरला. कारण टेनेसीची आखणी रिसीव्हरांना मैदानाच्या अगदी कडेला उभे करून बचाव ताणत असे आणि अतिशय झपाट्याने पुढचा खेळ सुरू करत असे. हायट पुष्कळदा स्लॉटमधून (कडेचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्यामधल्या जागेतून), कुणीही अंगावर नसताना, सरळ रेषेत पळत मोकळा झालेला दिसे. तो वेगवान होता हे खरेच, पण तो कॉर्नरबॅकला हरवू शकतो का, हा प्रश्न त्या हंगामाने त्याला फारसा विचारलाच नव्हता. न्यूयॉर्क जायंट्सकडे गेल्यावर तो प्रश्न दर आठवड्याला विचारला गेला आणि तिथे त्याला जम बसवता आला नाही.

महाविद्यालयीन खेळाचे नियमही ही वाटणी अवघड करतात. एनएफएलमध्ये दोन हॅश मार्कांमधले (मैदानावरच्या ज्या खुणांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळ सुरू होतो त्यांमधले) अंतर १८ फूट ६ इंच आहे, महाविद्यालयात ते ४० फूट आहे. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू एका कडेच्या हॅशवर ठेवला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळे मैदान उरते आणि त्या बाजूच्या रिसीव्हरला एनएफएलमध्ये कधीच मिळणार नाही इतकी जागा मिळते. महाविद्यालयात झेल वैध ठरायला सीमेच्या आत एक पाय पुरतो, एनएफएलमध्ये दोन लागतात. पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देण्यावर एनएफएलमध्ये जशी बंदी आहे तशी महाविद्यालयात नाही, म्हणजे एका बाबतीत तिथले जीवन अधिक कठीणही आहे. मी फिल्म पाहताना प्रत्येक झेलापुढे चेंडू कोणत्या हॅशवर होता आणि रिसीव्हर रुंद बाजूला होता की अरुंद, हे लिहून ठेवतो. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

आता आकड्यांच्या बाजूने बोलतो, कारण दुसऱ्या मित्राचा मुद्दा फिल्मवाले समजतात त्यापेक्षा भक्कम आहे. नुसते यार्ड मोजण्यापेक्षा संघाच्या पासिंगमधला वाटा मोजणे केव्हाही शहाणपणाचे. समजा एखाद्या संघाने हंगामात पासवर ३,००० यार्ड आणि २५ टचडाउन मिळवले आणि त्यात एका खेळाडूचे ९०० यार्ड व १० टचडाउन आहेत, तर त्याचा वाटा अनुक्रमे ३० आणि ४० टक्के. दोहोंची सरासरी ३५. यालाच डॉमिनेटर रेटिंग म्हणतात. हा वाटा ज्या वयात पहिल्यांदा २० टक्क्यांवर जातो (काही जण ३० चा उंबरठा धरतात) ते ब्रेकआउट वय. यामागचा तर्क साधा आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा बावीस-तेवीस वर्षांच्या, पूर्ण वाढ झालेल्या खेळाडूंसमोर संघाचा मुख्य रिसीव्हर होत असेल, तर प्रशिक्षकाने आणि क्वार्टरबॅकने रोजच्या सरावात त्याच्याविषयी काहीतरी पाहिलेले असते, जे आपल्याला दिसलेले नाही. म्हणजे हा आकडा एका परीने त्या दोघांचे मतच नोंदवतो, आणि ते मत फुकट मिळत असेल तर नाकारू नये.

पण हे मत सहकाऱ्यांवरही अवलंबून असते. २०१९ च्या अलाबामा संघात जेरी ज्युडी, हेन्री रग्ज, डेव्हॉन्टा स्मिथ आणि जेलेन वॉडल असे चार रिसीव्हर एकाच वेळी होते आणि पुढच्या दोन ड्राफ्टमध्ये चौघेही पहिल्या फेरीत गेले. अशा संघात कुणाचाही वाटा फुगणार कसा? जेमसन विल्यम्सला ओहायो स्टेटमध्ये जागाच मिळेना, कारण पुढे गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे उभे होते. तो अलाबामाला गेला, २०२१ मध्ये १,५७२ यार्ड केले, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात गुडघा जायबंदी होऊनही १२ व्या क्रमांकावर निवडला गेला. विल्सन १० वा आणि ओलावे ११ वा. ओहायो स्टेटमधली त्याची कोरी पाटी गुणवत्तेविषयी काहीच सांगत नव्हती, फक्त रांग किती लांब होती ते सांगत होती. आता संघ बदलणे सोपे झाले आहे आणि कोविडच्या हंगामाने अनेकांना महाविद्यालयात खेळायला एक वर्ष जास्त मिळाले. त्यामुळे तेवीस-चोवीस वर्षांचे रिसीव्हर ड्राफ्टमध्ये सर्रास दिसू लागले, आणि ब्रेकआउट वयाचे जुने कोष्टक जसेच्या तसे वापरणे मी तरी थांबवले आहे.

त्यापेक्षा मला प्रत्येक रूटमागे (पाससाठी आखलेल्या धावेमागे) मिळालेले यार्ड हा आकडा अधिक उपयोगी वाटतो. खेळाडू पासच्या खेळात जितक्या वेळा धावला, त्या संख्येने त्याच्या यार्डांना भागायचे. साधारण दोनच्या वर चांगले, तीनच्या वर असामान्य. दुखापतीने सामने बुडाले किंवा संघ कमी पास खेळला, तरी हा आकडा फारसा बिघडत नाही. ब्रिगम यंग विद्यापीठाच्या पूका नकुआने २०२२ मध्ये नऊच सामन्यांत ४८ झेल आणि ६२५ यार्ड केले. एकूण यार्डांच्या यादीत तो कुठेच दिसत नव्हता. तो धावला तेवढ्या रूटांच्या मानाने मात्र त्याचे काम फार वरच्या दर्जाचे होते. लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच वर्षी त्याने १०५ झेल व १,४८६ यार्ड करून नवोदितांचे दोन्ही विक्रम मोडले. मी त्याच्याकडे पाहिले होते का? पाहिले होते. दुखापतींची यादी वाचून वही मिटली होती.

माझ्या दोन मोठ्या चुका २०१९ च्या ड्राफ्टमधल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून इथे मांडतो. पहिली ॲरिझोना स्टेटच्या निकील हॅरीची. धिप्पाड शरीर, लहान वयात मिळालेला मोठा वाटा आणि अंगावर खेळाडू असताना चेंडू हिसकावून घेण्याची हातोटी. आकडेही खूश आणि डोळेही खूश. मी त्याला पहिल्या फेरीचा शेरा दिला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला ३२ व्या क्रमांकावर घेतले आणि तीन हंगामांनंतर सातव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात शिकागोला देऊन टाकले. मी जे झेल पाहून हरखलो होतो, त्यांच्याकडे उलट नजरेने पाहायला हवे होते. एखाद्याला पुन्हा पुन्हा अंगावरच्या खेळाडूकडून चेंडू हिसकावून घ्यावा लागतो, याचा अर्थ तो मोकळा होत नाही. महाविद्यालयात अंगावरचा खेळाडू चार इंच बुटका असतो म्हणून ते खपते. त्याच वर्षी स्टॅनफर्डचा आर्सेगा-व्हाइटसाइड ५७ वा गेला, तोही असेच झेल घेण्यासाठी प्रसिद्ध होता आणि त्याचेही पुढे फारसे काही झाले नाही. अर्थात याला माइक इव्हान्ससारखा अपवाद आहे. २०१४ मध्ये सातव्या क्रमांकावर गेलेल्या या उंच खेळाडूने टॅम्पा बेकडून सलग ११ हंगामांत हजार यार्ड ओलांडले. त्यामुळे हा गुण दिसला की नाकारायचा असे मी म्हणत नाही. मोकळे होण्याचा पुरावा वेगळा शोधायचा, एवढेच.

दुसरी चूक ओहायो स्टेटच्या टेरी मक्लॉरिनची. पाचव्या वर्षाचा विद्यार्थी, २०१८ मध्ये अवघे ३५ झेल. यार्ड ७०१ आणि टचडाउन ११ असले तरी संघातला वाटा किरकोळ, ब्रेकआउट वय जवळजवळ नाहीच. मी त्याला स्पेशल टीम्ससाठी (चेंडू लाथेने मारण्याच्या खेळांत उतरणाऱ्या तुकडीसाठी) उपयुक्त, असे एका ओळीत लिहून मोकळा झालो. जानेवारीत अलाबामातल्या मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोलच्या (ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्याच्या) सरावात तो एकास-एक कवायतीत कॉर्नरबॅकांना सतत मागे टाकत होता. ते पाहूनही मी आकड्यांच्या आधाराने त्याला सरावापुरता वीर ठरवले. वॉशिंग्टनने त्याला ७६ व्या क्रमांकावर घेतले. पहिल्या वर्षी ९१९ यार्ड आणि त्यानंतर २०२० ते २०२४ सलग पाच वर्षे हजारांच्या वर. त्याचा वाटा लहान होता कारण त्या संघात चेंडू चार-पाच जणांत वाटला जात होता. तो मोकळा होत होता की नाही, हे मात्र सीनियर बोलच्या सरावात कुणालाही दिसले असते. मलाही दिसले होते.

त्याच वर्षी ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) एकाच संघातून ए. जे. ब्राउन आणि डी. के. मेटकाफ आले. ब्राउनने ८५ झेल आणि १,३२० यार्ड केले होते, पण बरेचसे स्लॉटमधून. मेटकाफ मानेच्या दुखापतीने सात सामन्यांनंतर बाहेर बसला होता आणि तीन वर्षांत मिळून त्याचे ६७ झेलच होते. कंबाइनमध्ये मेटकाफने २२८ पौंड वजनानिशी चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत धावून सगळ्यांना अवाक केले आणि मग थ्री-कोन कवायतीला (तीन शंकूंभोवती वळत धावण्याला) ७.३८ सेकंद घेतले. ही वेळ २००० साली टॉम ब्रेडी या संथ क्वार्टरबॅकने दिलेल्या वेळेपेक्षाही वाईट, ही गोष्ट तेव्हा चवीने सांगितली जात होती. ब्राउन ५१ वा आणि मेटकाफ ६४ वा गेला. दोघेही उत्कृष्ट ठरले. मेटकाफविषयी खरा प्रश्न थ्री-कोनचा नव्हता. तो बहुतेक वेळा डाव्या कडेलाच उभा राही आणि मोजकेच रूट धावे, तेव्हा बाकीचे त्याला येत नाहीत की त्याला सांगितले गेले नाहीत, हे ओळखायचे होते. जे रूट तो धावत होता त्यांत तो कॉर्नरबॅकच्या हातांतून कसा सुटतो, हे पाहिले असते तर उत्तर मिळण्यासारखे होते. संघाने जे मागितलेच नाही ते न दिल्याबद्दल खेळाडूला दोष देणे ही फिल्म पाहणाऱ्यांची नेहमीची सवय आहे.

चाळीस यार्डांच्या धावेविषयी थोडक्यात. जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत धावला आणि नववा निवडला गेला. दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही हे खरे, पण निरोगी असतानाही तो मुख्य रिसीव्हर झाला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप ४.६२ धावला, ६९ वा गेला आणि २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड व १६ टचडाउन अशा तिन्ही याद्यांत पहिला आला. अँक्वान बोल्डिन ४.७ च्या आसपास धावला होता आणि २००३ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने १०१ झेल घेतले. यावरून वेगाला किंमत नाही असे मात्र कुणी समजू नये. हडकुळा आणि हळू असा रिसीव्हर टिकणे फार दुर्मीळ आहे, म्हणून मी ही वेळ फक्त तळाची रेघ म्हणून वापरतो आणि त्या रेघेच्या वर कोण किती वर आहे याकडे दुर्लक्ष करतो. सामन्यात चाळीस यार्ड सरळ पळण्याची वेळ क्वचित येते. थांबण्याची वेळ जवळजवळ प्रत्येक खेळात येते, आणि केवळ थांबणे मोजणारी एकही कवायत कंबाइनमध्ये नाही.

तुमच्या वादाला सर्वांत जवळचे प्रकरण २०२० चे आहे. फिलाडेल्फिया ईगल्सने २१ व्या क्रमांकावर टीसीयूचा (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा) जेलेन रेगर घेतला आणि लगेच पुढच्या, २२ व्या निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्जने एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) जस्टिन जेफरसन. नंतर या निवडीची भरपूर थट्टा झाली, पण तेव्हाचे युक्तिवाद मूर्खपणाचे नव्हते. रेगरने २०१९ मध्ये ६११ यार्डच केले होते, मात्र त्याचा क्वार्टरबॅक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि पुष्कळ चेंडू झेलण्याजोगे येतच नव्हते. त्याआधीच्या वर्षी त्याचे १,०६१ यार्ड होते. जेफरसनचे २०१९ चे १११ झेल आणि १,५४० यार्ड दिपवणारे होते, पण ते जो बरोसारख्या क्वार्टरबॅककडून, जामार चेससारखा रिसीव्हर शेजारी असताना आणि बहुतांशी स्लॉटमधून, जिथे कॉर्नरबॅक अंगावर हात टाकायला उभा नसतो. तो बाहेर खेळेल का, ही शंका रास्त होती.

फरक कुठे दिसला असता? २०१८ च्या फिल्ममध्ये. त्या वर्षी जेफरसन बाहेरच्या बाजूने खेळला होता, संघाचा पासिंगचा खेळ अजून फुललेला नव्हता, तरी त्याने संघात सर्वाधिक म्हणजे ८७५ यार्ड केले. त्या वर्षीच्या यार्डांत रेगर पुढेच होता. पण जेफरसन कॉर्नरबॅकच्या दिशेने धावत असताना वेग किंचित कमी-जास्त करून त्याला टाचांवर आणत होता, झोन बचावात (ज्यात बचावपटू खेळाडूऐवजी जागा राखतात) दोन खेळाडूंमधली जागा हेरून तिथे स्थिरावत होता आणि चेंडू शरीरापासून दूर, हातांनीच घेत होता. रेगरच्या हातून सोपे झेल सुटत आणि रूटच्या वळणावर तो वेगावर विसंबे. माझ्या वहीत जेफरसन वर होता, पण तेवढाही वर नव्हता जेवढा हवा होता. स्लॉटची शंका मलाही खात होती. पहिल्या वर्षी जेफरसनने १,४०० यार्ड केले, रेगरने ३९६.

यातून माझी पद्धत अशी बनली. खेळाडूचे आकडे न पाहता आधी पाच सामने पाहायचे. त्यांत दोन त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वांत चांगल्या कॉर्नरबॅकांविरुद्धचे, एक मागच्या हंगामातला, एक ज्यात त्याला जेमतेम दोन-तीन चेंडू आले असा आणि एक कोणताही. चेंडू त्याच्याकडे आला नाही ते खेळही मोजायचे, किंबहुना तेच जास्त. प्रेस कव्हरेज (कॉर्नरबॅक अगदी समोर उभा राहून हातांनी अडवतो तो बचाव) किती वेळा मिळाले आणि किती वेळा तो सुटला याची नोंद ठेवायची. मग शेरा लिहायचा, तारीख घालायची आणि त्यानंतर आकडे उघडायचे. दोन्ही जुळले तर पुढे जायचे. जुळले नाहीत तर शेरा लगेच बदलायचा नाही. आकड्याने कोणता प्रश्न उभा केला ते लिहून आणखी दोन सामने फक्त त्या प्रश्नासाठी पाहायचे. मक्लॉरिनच्या वेळी मी ही शेवटची पायरी गाळली होती.

झेल सुटण्याच्या प्रमाणाला मी फार वजन देत नाही, ते वर्षागणिक खालीवर होते. जामार चेसने २०२१ च्या सरावसामन्यांत सोपे चेंडू सोडले तेव्हा केवढा गहजब झाला, आणि मग त्या हंगामात त्याने १,४५५ यार्ड केले. वैद्यकीय अहवाल आणि खेळाडूंच्या मुलाखती संघांकडेच असतात. त्यामुळे एखादा खेळाडू अपेक्षेपेक्षा फार खाली घसरला तर ड्राफ्टनंतर मी माझा शेरा थोडा खाली आणतो. तेवढी नम्रता परवडते. शिवाय वर निवडलेल्या खेळाडूला चुका करायला वेळ मिळतो आणि पाचव्या फेरीतल्याला मिळत नाही, हेही गणितात धरावे लागते.

आता तुमच्या भांडणाचा निकाल. फिल्मवाल्या मित्राला मी आधी एकच गोष्ट विचारेन: तुम्ही कोणती फिल्म पाहता? दूरचित्रवाणीवरचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि स्नॅपनंतर रिसीव्हर चौकटीबाहेर जातो. तो परत दिसतो तेव्हा चेंडू हवेत असतो. म्हणजे ज्या कामाविषयी मी एवढे लिहिले, ते त्या चित्रात नसतेच. निवडक झेलांच्या ध्वनिचित्रफिती तर त्याहून फसव्या. बावीसही खेळाडू उंचावरून दिसतात अशी ऑल-२२ फिल्म मिळत असेल आणि एका खेळाडूमागे दहा-बारा तास देण्याची तयारी असेल, तर तुमचे मत आकड्यांच्या वर ठेवा. तशी फिल्म नसेल, तर यंदाच्या वादात प्रत्येक रूटमागचे यार्ड आणि वय मोजणाऱ्या मित्राचे ऐका. फक्त त्याच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे, त्या संघात चेंडूसाठी आणखी कोण कोण रांगेत उभे होते, हे त्याला आधी लिहायला सांगा.